गमबुटाचे आयुष्य



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी कित्येकांस हसू आले असेल. इतिहास म्हटला की सिंहासने, तह आणि लढाया यांची आपणांस सवय. पायांतल्या बुटाला कसला आला आहे इतिहास, आणि तोही चिखलपाण्यात उतरणाऱ्या गमबुटाला! परंतु ज्या वस्तूवाचून माणसाचे पाऊल अडते, त्या वस्तूमागे पुष्कळ माणसांचे श्रम, चुका आणि दुःखे साठलेली असतात. गमबुटाच्या पाठीशी तर चारशे वर्षांची कहाणी आहे.

या विषयाकडे मी वळलो तो माझ्याच एका चुकीमुळे. सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या शाळेच्या वाटेवर एक ओहोळ आडवा येतो, आणि आषाढात तो गुडघाभर पाण्याने वाहतो. म्हणून मी पोटरीपर्यंत येणाऱ्या रबरी बुटांची एक चांगली जोडी विकत घेतली. संध्याकाळी घरी येताच ते ओले बूट मी पाणी तापवावयाच्या बंबाशेजारी ठेवीत असे. सकाळी ते खडखडीत वाळलेले असत आणि मला माझ्या व्यवस्थितपणाचे मोठे कौतुक वाटे. दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाशी घोट्याजवळ बारीक भेगा दिसू लागल्या आणि श्रावण उजाडण्यापूर्वीच त्या भेगांतून पाणी आत शिरू लागले. बाजाराच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या वृद्ध मोच्याकडे मी ते घेऊन गेलो. त्याने बूट घोट्यापाशी वाकवून पाहिला, वास घेतला आणि म्हणाला, “मास्तर, हा बूट पाण्यानं गेला नाही. हा तुम्ही भाजून मारलात.”

पाण्याचा बूट पाण्याने मरत नाही, हे त्या कारागिराचे म्हणणे मला प्रथम चमत्कारिक वाटले. पुढे वाचन करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, या बुटाचा सगळा इतिहास त्याच्या त्या एका वाक्यात सामावलेला आहे.

रबर येण्यापूर्वी पाण्यात उतरणारी माणसे काय करीत, हे आधी पाहू. यूरोपातील कोळी, खलाशी आणि नदीत उभे राहून मासे धरणारे हौशी लोक कातड्याचे उंच बूट वापरीत. कातडे हे मुळात पाण्याला दाद देणारे. ते पाणी पिते, फुगते, जड होते. आणि वाळले की आखडून कडक होते. म्हणून त्यास जनावराची चरबी, माशाचे तेल आणि मधमाश्यांचे मेण यांचे मिश्रण वारंवार चोळावे लागे. ही मशागत चुकली की शिवण उसवे आणि कातड्यास तडे जात. अशा बुटाचे आयुष्य त्यास किती वेळा आणि किती निगुतीने तेल पाजले यावरच अवलंबून असे. बूट करणारा आणि बूट वापरणारा या दोघांच्या कामात तेव्हा फारसे अंतर नव्हते.

तरीही पाय कोरडे राहत असे मात्र नाही. स्कॉटलंडमधील ट्वीड नदीवरील मत्स्यशिकारीवर विल्यम स्क्रोप या गृहस्थाने १८४३ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ऐन थंडीत नदीत उभे राहणाऱ्यांना तो थट्टेने सुचवितो की, मधूनमधून आपल्या पायांचा रंग पाहावा. तो नुसता लाल असेल तर खुशाल पाण्यात राहावे, काळानिळा झाला असेल तर मात्र बाहेर आलेले बरे! ही थट्टा खरी, पण तिच्यामागची अडचणही तितकीच खरी होती.

आता आपण अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिका खंडात जाऊ. तेथील मूळ रहिवाशांना झाडाच्या सालीतून पाझरणारा पांढरा चीक शतकानुशतके ठाऊक होता. त्या चिकाचे ते चेंडू करीत, भांडी करीत, आणि तो कापडावर माखून कापड जलाभेद्य करीत. मेक्सिकोत राहिलेला फ्रान्सिस्कन संन्यासी हुआन दे तोर्केमादा याने १६१५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बृहद्ग्रंथात या चिकाविषयी लिहून ठेविले आहे. स्पॅनिश लोक आपल्या जाड्याभरड्या कापडाच्या झग्यांना हा चीक लावीत. त्याचे निरीक्षण असे की, पाण्यापुढे हा लेप उत्तम टिकतो, पण उन्हापुढे टिकत नाही. उष्णतेने तो वितळून जातो. श्रोतेहो, हे निरीक्षण चारशे वर्षांपूर्वीचे आहे. पाण्यावर विजय मिळाला होता. उरला होता तो सूर्य.

ब्राझीलवर त्या काळी पोर्तुगालची सत्ता होती, आणि अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत लिस्बनहून बूट ॲमेझॉनच्या मुखाशी असलेल्या पारा प्रांतात चिकाचा लेप देण्यासाठी पाठविले जाऊ लागले होते. बुटाने एवढा समुद्रप्रवास करावा आणि लेप लावून घेऊन परत यावे, यावरून कोरड्या पावलाची किंमत त्या काळी काय होती याची कल्पना यावी. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पाराहून तयार रबरी जोडे अमेरिकेतील बोस्टन बंदरात येऊ लागले. ते जाड, ओबडधोबड आणि बेढब होते. तरीही हातोहात खपले. ते पाहून अमेरिकन भांडवलदारांनी स्वतःच रबरी माल काढण्याचे ठरविले. १८३३ साली बोस्टनजवळ रॉक्सबरी येथे एक कंपनी निघाली आणि तिच्या पाठोपाठ आणखी कित्येक. लोकांनी भराभर भाग विकत घेतले.

मग उन्हाळा आला. कोट चिकट झाले, बुटांचे गोळे झाले आणि त्यांस अशी दुर्गंधी सुटली की, परत आलेला माल कारखानदारांना खड्डे खणून पुरावा लागला. हिवाळ्यात तोच माल लाकडासारखा कडक होऊन तडकू लागला. तोर्केमादाने सव्वादोनशे वर्षांपूर्वी जे लिहून ठेविले होते ते वाचण्याची तसदी या भांडवलदारांपैकी कोणी घेतली नसावी. कंपन्या एकामागून एक बुडाल्या.

या पडझडीच्या काळातच चार्ल्स गुडइयर या नावाचा एक दिवाळे निघालेला लोखंडी सामानाचा व्यापारी या चिकाच्या नादी लागला. त्याचा जन्म १८०० सालचा. रसायनशास्त्राचे शिक्षण त्यास नव्हते. कर्जापायी तुरुंगाची वारी मात्र त्याने एकापेक्षा अधिक वेळा केली, आणि आपले आरंभीचे प्रयोग कैदेत बसून केले. घरातील चीजवस्तू गहाण पडली, मुलांची उपासमार झाली, शेजारी त्यास वेडा म्हणू लागले. १८३९ साली मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न गावी गंधक मिसळलेला रबराचा तुकडा त्याच्या हातून तापलेल्या शेगडीवर पडला. एरवी रबर उष्णतेने वितळावयाचे. हा तुकडा वितळला नाही, तर चिवट आणि लवचिक झाला. योगायोग खरा, परंतु असा योगायोग पाच वर्षे सतत शोधात असणाऱ्या माणसालाच ओळखता येतो.

गंधकाच्या कणांनी रबराच्या लांबलचक रेणूंना जागोजाग एकमेकांशी बांधून टाकले होते. सुटे दोरे एकत्र गाठविले की त्यांचे जाळे होते, आणि मग ते ताणले तरी पुन्हा मूळ जागी येते. तसाच हा प्रकार. गुडइयरला अमेरिकेतील एकस्व १८४४ साली मिळाले. पण त्यापूर्वीच त्याच्या मालाचे नमुने इंग्लंडमधील टॉमस हॅन्कॉक याच्या हाती पडले होते. त्यांतील गंधक ओळखून, स्वतः प्रयोग करून, हॅन्कॉकने गुडइयरच्या काही आठवडे आधी, १८४३ च्या नोव्हेंबरात, इंग्लंडमध्ये अर्ज दाखल केला. या क्रियेस ‘व्हल्कनायझेशन’ हे नाव मिळाले ते रोमन लोकांच्या अग्निदेवतेवरून. अग्नीने मरणाऱ्या वस्तूला अग्नीनेच जीवदान मिळाले, म्हणून हे नाव यथार्थच म्हटले पाहिजे. गुडइयर मात्र १८६० साली वारला तेव्हा त्याच्या डोक्यावर सुमारे २,००,००० डॉलरचे कर्ज होते. ज्या टायर कंपनीने पुढे त्याचे नाव धारण केले, ती त्याच्या मृत्यूनंतर ३८ वर्षांनी निघाली आणि तिचा त्याच्याशी वा त्याच्या कुटुंबाशी काहीही संबंध नव्हता.

यानंतर बुटाचे युग सुरू झाले. हायरम हचिन्सन या अमेरिकन गृहस्थाने गुडइयरकडून पादत्राणांपुरते हक्क घेतले आणि १८५३ साली फ्रान्समध्ये मोंतार्जी गावाजवळ कारखाना काढला. फ्रान्समधील शेतकरी तोपर्यंत लाकडी खडावांसारखे जोडे घालून चिखलात राबत. त्यांच्या पायांत आता रबराचे बूट आले. तीन वर्षांनी, १८५६ साली, हेन्री ली नॉरिस हा दुसरा अमेरिकन स्कॉटलंडमध्ये एडिंबरा येथे उतरला. त्याच्या उद्योगातून नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनी उभी राहिली. बुटास ‘वेलिंग्टन’ हे नाव मात्र आधीचेच. वॉटर्लूचा विजेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन याने आपल्या चांभाराकडून कातड्याचा एक सुटसुटीत उंच बूट करवून घेतला होता. घाट त्याचा, नाव त्याचे. केवळ कातड्याच्या जागी रबर आले.

या बुटाची खरी परीक्षा झाली ती पहिल्या महायुद्धात. फ्रान्स आणि बेल्जियममधील खंदक पाण्याने आणि चिखलाने भरलेले असत. सैनिक दिवसचे दिवस त्यांत उभे राहत. १९१४-१५ च्या हिवाळ्यात ब्रिटिश सैन्यातील सुमारे २०,००० शिपाई पाय कुजण्याच्या व्याधीने जायबंदी झाले; कित्येकांची बोटे, कित्येकांची पावले कापावी लागली. तेव्हा युद्धखात्याने रबरी बुटांची मागणी नोंदविली. एकट्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीने युद्धकाळात सुमारे १२,००,००० जोड पुरविले, आणि त्यासाठी गिरण्या अहोरात्र चालविल्या.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मांडीपर्यंत येणारे हे उंच बूट शिपायाच्या मालकीचे नसत. ते खंदकाचे साहित्य म्हणून गणले जात. पाळी संपली की एका पलटणीने ते दुसऱ्या पलटणीच्या स्वाधीन करावयाचे. काल ज्याच्या पायांत ते होते त्याचा घाम आत तसाच, आणि आज दुसऱ्याने त्यांत पाय घालावयाचे. रबर बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही. त्याचप्रमाणे आतला घामही बाहेर जाऊ देत नाही. म्हणून बूट आले तेवढ्याने व्याधी हटली नाही. ते वाळविण्यासाठी स्वतंत्र खोल्या कराव्या लागल्या, मोजे रोज बदलण्याचे हुकूम काढावे लागले, पायांना देवमाशाचे तेल चोळण्याची शिस्त लावावी लागली आणि अधिकाऱ्याने शिपायांचे पाय स्वतः तपासावेत असा नियम करावा लागला. ही शिस्त बसली तेव्हा रोग्यांची संख्या घटली. साधन आणि साधनाची निगा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा सैन्याने फार मोठी किंमत देऊन घेतला.

आता, व्हल्कनायझेशननंतरही रबर मरते ते का? माझे बूट बंबाशेजारी का मेले? याचे कारण असे की, गंधकाच्या गाठी बसल्या तरी रबराच्या रेणूंतील काही जागा मोकळ्याच राहतात. हवेतील प्राणवायू त्या जागांवर हळूहळू हल्ला करतो. काही दोरे तुटतात, काहींत नको त्या गाठी वाढतात. मग रबर कुठे चिकट होते, कुठे ठिसूळ. उष्णता हे काम पुष्कळ वेगाने करते. सूर्यप्रकाशही तेच करतो. हवेतच अल्प प्रमाणात असणारा ओझोन नावाचा वायू आणखी घातक. त्याची एक खोड अशी की, सैल पडलेल्या रबराला तो सहसा चिरत नाही. ताणलेल्या रबराला चिरतो. म्हणूनच भेगा पडतात त्या बूट जेथे वाकतो तेथे, आणि घडी घालून ठेवला असेल तर नेमक्या त्या घडीवर.

कारखानदारांनीही या शत्रूशी चांगली झुंज दिली. १९०६ साली ओहायोतील ॲक्रन येथे जॉर्ज ओन्स्लागर या रसायनशास्त्रज्ञाने व्हल्कनायझेशन वेगाने घडवून आणणारी सेंद्रिय द्रव्ये शोधून काढली. त्यामुळे रबर फार वेळ भट्टीत ठेवावे लागेना आणि त्याची प्रतही सुधारली. पुढे प्राणवायूला अडविणारी द्रव्ये रबरात मिसळली जाऊ लागली. काही कारखाने त्यात मेणही घालतात. ते हळूहळू पृष्ठभागावर येऊन ओझोनपासून संरक्षण करते. चांगल्या बुटावर कधी कधी पांढरट थर दिसतो. तो बुरशीचा नसून आतून वर आलेल्या अशाच द्रव्यांचा असतो. आपण तो बुरशी समजून खरवडतो, म्हणजे पहारेकऱ्यालाच हाकलून देतो! १९३० साली ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत निओप्रीन हे कृत्रिम रबर निर्माण झाले. ते तेलाला आणि ओझोनला अधिक दाद देत नाही. गळाने मासेमारी करणारे परदेशी लोक छातीपर्यंत येणारा जो जलाभेद्य पोशाख वापरतात आणि ज्यास ‘वेडर’ म्हणतात, तो प्रथम रबरी कापडाचा असे, नंतर निओप्रीनचा झाला, आणि १९९० नंतर घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या पातळ पटलाचाही होऊ लागला.

या पोशाखाखाली जे स्वतंत्र बूट घालतात, त्यांच्या तळाला शेवाळलेल्या दगडांवरून पाय घसरू नये म्हणून पूर्वी खिळे ठोकीत. पुढे लोकर दाबून केलेला जाड नमदा चिकटवू लागले. नमद्याची पकड उत्तम. पण तो पाणी धरून ठेवतो, आणि पाण्याबरोबर सूक्ष्म जीवही. २००४ साली न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील नद्यांत डिडिमो नावाचे परके शेवाळ आढळले. ते डोळ्यांना दिसणार नाही एवढ्या एका कणाने पसरते, आणि ओला नमदा हे त्याचे आवडते वाहन! म्हणून २००८ साली त्या देशाने नमद्याच्या तळांवर बंदी घातली आणि लोकांस शिकविले की, एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाण्यापूर्वी बूट तपासा, धुवा आणि पूर्ण वाळवा. बुटाचे आयुष्य वाढविणारे नियमही हेच तीन आहेत. बुटाचे हित आणि नदीचे हित येथे एकच ठरले.

मग असा बूट टिकतो तरी किती, असे आपण विचाराल. याचे उत्तर वर्षांत देता येत नाही. बूट किती वर्षे जुना, यापेक्षा तो किती वेळा वाकला, किती तापला आणि किती काळ ओला राहिला, यावर त्याचे आयुष्य ठरते. चार पावसाळे इमानाने काढणारा बूट दुसऱ्याच्या घरी एका उन्हाळ्यात निकामी होतो. तेव्हा माझ्या चुकीतून आणि वाचनातून जे मी शिकलो ते थोडक्यात सांगतो.

काम संपताच बूट साध्या पाण्याने धुवावा, विशेषतः खाऱ्या पाण्यातून आल्यावर. नंतर तो सावलीत, वाऱ्यावर, उलटा टांगून वाळवावा. ऊन नको, चूल नको, बंब तर नकोच नको. आतील ओल शोषून घेण्यासाठी जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि ते भिजताच बदलावेत. शक्य असल्यास दोन जोड आलटूनपालटून वापरावेत, म्हणजे प्रत्येकास वाळावयास पुरता अवकाश मिळतो. काढताना एका पायाच्या टोकाने दुसऱ्याची टाच दाबून ओरबाडू नये. टाचेची शिवण वा जोड प्रथम तेथेच सुटतो. रॉकेल, डिझेल, खोबरेल असले कोणतेही तेल रबराला लावू नये. कातड्यास जे अमृत, ते रबरास विष आहे. आपल्या आजोबांच्या काळातील बुटाला तेल पाजण्याची सवय येथे उपयोगाची नाही.

गोवा आणि कोकणातील बागाईतदारांसाठी एक विशेष सूचना. पावसाळ्यात सुपारीवर मोरचूद आणि चुना यांची फवारणी होते. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि तांब्याचा अंश नैसर्गिक रबराच्या ऱ्हासाला गती देतो. तेव्हा फवारणीनंतर बूट त्याच दिवशी स्वच्छ धुवावेत. विजेच्या मोटारीतून उडणाऱ्या ठिणग्यांनी ओझोन उत्पन्न होतो, यास्तव पंपाच्या खोलीत बूट ठेवू नयेत. पावसाळा संपल्यावर ते घडी न घालता, उभे, काळोख्या आणि थंड जागी ठेवावेत. भोक पडलेच तर सायकलच्या पंक्चरप्रमाणे घासून, रबरी ठिगळ लावता येते. मात्र तो बूट खऱ्या रबराचा असला पाहिजे. आज बाजारात मिळणारे स्वस्त गमबूट बहुधा पीव्हीसी या प्लॅस्टिकचे असतात, आणि त्यांवर सायकलचे सोल्यूशन नीट धरत नाही. त्यांस त्यांचा वेगळा डिंक लागतो. आणखी एक नवलाची गोष्ट आहे. काही आधुनिक बुटांचे तळ पॉलियुरेथेनचे असतात, आणि ते न वापरता वर्षानुवर्षे पेटीत ठेवले तरी हवेतील दमटपणाने आतल्या आत कुजून एके दिवशी भाकरीसारखे चुरतात. जपून ठेवणे आणि निगा राखणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

श्रोतेहो, रबराचे झाड आता आपणांस परके राहिलेले नाही. १८७६ साली हेन्री विकहॅमने ॲमेझॉनच्या खोऱ्यातून सुमारे ७०,००० बिया लंडनजवळील क्यू उद्यानात नेल्या. तेथील रोपे सिंहलद्वीपात आणि मलायात गेली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्रावणकोरात मळे उभे राहिले. आज गोव्यात आणि त्याला लागून असलेल्या दोडामार्ग तालुक्यातही रबराच्या बागा दिसतात. पहाटे झाडाला तिरकी खाच देऊन खाली लावलेल्या वाटीत चीक धरणारे मजूर तेथे पाहावयास मिळतात. ज्या चिकाने तोर्केमादाला चकित केले, तो आपल्या शेजारी पाझरतो आहे.

तरीही आपल्याकडे ज्याला या बुटाची सर्वाधिक गरज आहे, त्याच्या पायांत तो असतोच असे नाही. भातलावणीच्या वेळी शेतकरी अनवाणी चिखलात उभा असतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायांच्या चिरांवाटे शरीरात शिरतात, म्हणून डॉक्टर गमबूट घालावयास सांगतात. शेतकऱ्याची अडचणही खोटी नाही. खोल चिखलात बूट रुतून बसतो आणि पाय तेवढा वर येतो. म्हणून निदान बांधावर, गोठ्यात आणि साचलेल्या पाण्यात तरी तो घालावा, आणि पायाला जखम असता चिखलात उतरूच नये.

दुसरा माणूस म्हणजे आपल्या शहरांतील गटारे साफ करणारा कामगार. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेस बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला आणि त्याच वर्षी त्याचे नियमही निघाले. कामगारास जी संरक्षक साधने दिलीच पाहिजेत त्यांची यादी या नियमांत आहे. त्या यादीत गमबूट आहेत, आणि कोळ्याचा बूट जोडलेला ‘वेडर’ही आहे! स्कॉटलंडच्या नदीतील हौशी शिकाऱ्याचा पोशाख भारताच्या कायद्यात येऊन बसला, तो असा. परंतु यादीत नाव असणे वेगळे आणि पायांतल्या बुटाला भोक नसणे वेगळे. विषारी वायूपासून बूट वाचवू शकत नाही. माणसाने गटारात उतरूच नये हाच खरा उपाय. तरीही जेथे त्याचे पाय घाण पाण्याला लागतात, तेथे फाटका बूट हा अनवाणी पायाहूनही वाईट, कारण आत शिरलेली घाण तो दिवसभर पायाशी धरून ठेवतो.

माझा बूट फाटला तेव्हा माझा मोजा भिजला; त्याहून अधिक काही झाले नाही. त्या कामगाराचा बूट फाटला तर त्याचा पाय सडतो. माझा बूट मी स्वतः धुतो आणि टांगतो. पाळीपाळीने अनेकांच्या पायांत जाणारा तो सामाईक बूट कोणी धुवावा, कोठे वाळवावा, भोक आहे की नाही हे कोणी पाहावे? १९१५ च्या खंदकात सैन्याने या प्रश्नाचे उत्तर दिले होते. वाळविण्याची खोली, कोरडे मोजे आणि पाय तपासणारा जबाबदार अधिकारी. आपल्या नगरपालिकांच्या भांडारांत या तीन गोष्टी आहेत का, हे विचारण्याचा अधिकार कर भरणाऱ्या प्रत्येक नागरिकाला आहे, आणि माझ्या मते ते त्याचे कर्तव्यही आहे.

त्या वृद्ध मोच्याच्या सल्ल्याने घेतलेली माझी दुसरी जोडी या वर्षी पाचवा पावसाळा पाहते आहे. पडवीतील खुंटीवर ती उलटी टांगलेली असते, आणि बंब दुसऱ्या टोकाला आहे. आपल्याही घरी अशी जोडी असेल, तर आज रात्री झोपण्यापूर्वी ती कोठे ठेविली आहे, तेवढे एकदा पाहून घ्यावे.